घरचें यंत्रशास्त्र : मोटारीचा राखणदार आणि त्याचे जादा दिवे

पनवेलहून एका वाचकबंधूंचें पत्र आलें आहे. तिघा भावांचें एकत्र कुटुंब, घरांत मोटार एक, आणि ती रात्रीं घरामागच्या बोळांत उघड्यावर उभी असते. तिला अलार्म बसविलेला असून डॅशबोर्डावर त्याचा इवलासा तांबडा दिवा रात्रभर लुकलुकत असतो. धाकट्या पुतण्याचें म्हणणें असें, कीं एवढ्याशा ठिपक्यास चोर भीक घालीत नाहीं. त्याच दिव्याच्या तारेस आणखी पांच-सहा एलईडी दिवे, कांहीं निळे व कांहीं पांढरे, जोडून द्यावे आणि जमल्यास दारांच्या खालीं प्रकाशाची एक लांब पट्टीही लावावी. थोरल्या बंधूंस हें पसंत नाहीं. पण कां पसंत नाहीं तें त्यांस नीट सांगतां येत नाहीं, म्हणून त्यांनीं आम्हांस विचारलें आहे.

प्रश्न दिसावयास लहान आहे, पण येथें चूक झाली तर तिची झळ दिव्यांपुरती राहात नाहीं. मध्यरात्रीं आजोबांच्या छातींत दुखूं लागावें, सर्वांनीं मोटारीकडे धांव घ्यावी, आणि किल्ली फिरवितांच नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन गाडी जागच्या जागीं बसावी, इतका प्रसंग या हौसेच्या दिव्यांमुळें ओढवूं शकतो. त्यांतून पनवेलचें ठिकाण असें, कीं तेथल्या मोटारीस लांबचा पल्ला नित्याचाच. मुंबईहून होडीनें यावें, पनवेल बंदरावर उतरावें आणि १८३० सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या सडकेनें पुण्याकडे निघावें, ही जुनी वहिवाट. होड्या गेल्या, पण शेजारच्या कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगति महामार्ग सुटतो आणि पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो. अशा रस्त्यांवर घाटांत गाडी अडणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां भोगलें आहे त्यास निराळें सांगावयास नको.

अलार्म या नांवानें जी वस्तु आपण ओळखतों ती केवळ ओरडणारी शिट्टी नव्हे. डॅशबोर्डाखालीं दडविलेली ती एक लहानशी पेटी आहे. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांमुळें अशा पेट्या आपल्याकडे साध्यासुध्या मोटारींतूनही दिसूं लागल्या. दार उघडलें कीं नाहीं, गाडीस धक्का बसला कीं नाहीं, याची ती खबर ठेवते. प्रसंगीं भोंगा वाजविते, दोन्ही बाजूंचे वळणाचे दिवे उघडझाप करविते. आणि मुख्य म्हणजे पुष्कळशा पेट्या इंजिन सुरू होण्याचा विजेचा मार्ग एका रिलेनें तोडून ठेवतात. धन्याच्या हातचें बटण दाबल्याखेरीज तो मार्ग जुळत नाहीं. म्हणजे ही पेटी बिघडली तर चोर बाहेर राहतोच, पण त्याच्याबरोबर धनीही बाहेर राहतो. तिच्या कोणत्याही तारेस हात घालण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

आतां त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे वळूं. एलईडी हा जुन्या बल्बासारखा तारेच्या जळण्यानें उजळत नाहीं. विशिष्ट स्फटिकांतून वीज एकाच दिशेनें जाऊं लागली म्हणजे त्यांतून प्रकाश फुटतो. डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं तयार केला. प्रखर निळा मात्र त्यानंतर तीस वर्षांनीं साधला, आणि तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. रंगांतला हा भेद केवळ शोभेचा नाहीं. तांबड्या दिव्यास पेटावयास सुमारें २ व्होल्टांचा दाब पुरतो. निळ्यास व पांढऱ्यास ३ व्होल्टांहून थोडा अधिक लागतो. शिवाय या दिव्यांना स्वतःस आवर घालतां येत नाहीं. दाब किंचित् वाढला कीं प्रवाह एकदम फुगतो आणि दिवा जळून जातो. म्हणून त्याच्या वाटेंत एक रोधक, ज्यास दुकानदार ‘रेझिस्टन्स’ म्हणतात तो, असावाच लागतो.

अलार्मच्या पेटींतून दिव्यासाठीं जी बारीक तार बाहेर येते, तिचा रोधक बहुधा पेटींतच बसविलेला असतो. तो एका दिव्याच्या हिशेबाचा असतो : १० ते २० मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचा फार तर पन्नासावा भाग. त्या तारेवर पुतण्याच्या योजनेप्रमाणें सहा दिवे शेजारीं शेजारीं, ज्यास समांतर जोडणी म्हणतात तशा रीतीनें, लावले तर काय होईल ? सहाही एकाच रंगाचे असतील तर तेवढाच प्रवाह सहा जणांत वांटला जाऊन सारे मिणमिणते होतील. तांबड्याशेजारीं निळा लावला तर आणखी मौज : तांबडा २ व्होल्टांवरच पेटून दाब तेथेंच थोपवून धरतो, व निळा मुळीं पेटतच नाहीं. मग ‘करंट कमी पडतो आहे’ असें निदान करून कोणी रोधक टाळतो किंवा दुसऱ्याच एका तारेस जोड देतो, आणि तेथें घात होतो. पेटीच्या आंतला जो नाजूक भाग त्या दिव्याची उघडझाप करवितो तो तापून जळतो. कधीं तो एकटाच जातो, कधीं आपल्याबरोबर सबंध पेटीस घेऊन जातो.

यावर उपाय कोणता ? कचेरींतील कारकुनानें हुकूम लिहावा, पोतीं हमालांनीं उचलावीं; हुकूम लिहिणाऱ्याच्याच पाठीवर पोतें दिलें तर हुकूमही बंद पडतो आणि पोतेंही खालीं येतें. अलार्मची दिव्याची तार हा कारकून आहे. तिच्याकडून ‘आतां पेटा, आतां विझा’ एवढाच इशारा घ्यावा. दिव्यांस लागणारी वीज मात्र थेट बॅटरीवरून, स्वतंत्र तारेनें व स्वतंत्र फ्यूजमधून आणावी. जादा दिव्यांच्या साऱ्या शहाणपणाचें मर्म एवढ्यांत आहे.

त्यापूर्वीं एक सोपी सवलत सांगून ठेवतों. दुसरा एकच दिवा हवा असेल, उदाहरणार्थ मागच्या कांचेपाशीं, तर पहिल्याच्याच जातीचा व रंगाचा घेऊन तो एकसर जोडावा, म्हणजे एका दिव्यांतून निघालेली वीज दुसऱ्यांतून जाईल अशा रीतीनें. या जोडणींत प्रवाह वाढत नाहीं, झाला तर थोडा कमीच होतो; त्यामुळें पेटीस धोका नाहीं. दोन्ही दिवे बरे पेटले तर काम झालें. फारच मंद पेटले तर त्या पेटीचा दाब दोन दिव्यांपुरता नाहीं असें समजावें आणि पहिली जोडणी पूर्ववत् करावी.

अधिक दिव्यांसाठीं हुकूम घेणारा हमाल म्हणजे ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ या नांवाचा तीन पायांचा, हरभऱ्याएवढा ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कोणत्याही दुकानांत अगदीं थोडक्या पैशांत मिळतो. अलार्मच्या मूळ दिव्याच्या धन तारेवरून १००० ओहमचा एक रोधक घालून त्याचा ‘बेस’ हा पाय जोडावा. ‘एमिटर’ गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे ऋण बाजूस, लावावा. बेस व एमिटर यांच्यामध्यें १०,००० ओहमचा दुसरा रोधक ठेवावा, म्हणजे इशारा नसतां ट्रान्झिस्टर चुकून जागा होत नाहीं. आणि ‘कलेक्टर’ हा पाय जादा दिव्यांच्या ऋण टोकांस द्यावा. इशाऱ्याच्या तारेवरून अशानें एक-दीड मिलिअँपियरच जातो. हा ट्रान्झिस्टर १०० मिलिअँपियरपर्यंत सोसतो असें त्याचा कारखानदार सांगतो. घरच्या कामांत त्यास ५० च्या पुढें राबवूं नये असें आमचें मत आहे. हें सारें वर्णन मूळ दिव्याची धन बाजू उघडझाप होते असें धरून केलें आहे. कांहीं पेट्यांत ऋण बाजू उघडझाप होते. मल्टिमीटर लावून तसें आढळलें तर ही रचना चालत नाहीं, व काम जाणत्या वायरमनकडे द्यावें.

रोधकाचा हिशेब घरांतला शाळकरी मुलगाही करूं शकेल. इंजिन चालू असतां मोटारीचा विद्युद्दाब १२ व्होल्ट नसून १४.४ च्या आसपास असतो. म्हणून हिशेब १४.४ वरच करावा. तीन तांबडे दिवे एकसर ओंवले तर त्यांचे ६ व्होल्ट गेले, उरले ८.४, यांस १५ मिलिअँपियरनें, म्हणजे ०.०१५ नें, भागलें कीं ५६० ओहम येतात. निळ्या तिघांचे साडेनऊच्या वर व्होल्ट जातात. त्यांच्यासाठीं ३३० ओहमचा रोधक पुरतो. प्रत्येक माळेस तिचा स्वतःचा रोधक हवा. दोन माळांत एकच रोधक घालण्याची काटकसर करूं नये. एकटाच तांबडा दिवा लावावयाचा तर ६८० ओहमचा रोधक घ्यावा, आणि तो पाव वॅटाचा न घेतां अर्ध्या वॅटाचा घ्यावा, कारण उरलेले १२ व्होल्ट उष्णता होऊन त्याच्याच अंगावर निघतात. तिघांची माळ करण्यांत दुहेरी लाभ आहे : तिघांस मिळून खर्च एकाचाच, आणि तापही थोडा.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहूं, कारण पुतण्याच्या प्रकाशपट्टीचा निकाल येथेंच लागतो. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपियर-तासांची असते. हें धान्य तिच्या कणगींत भरलेलें. इंजिन चालेल तेव्हां भर पडावयाची, एरवीं नुसता उपसा. तीन दिव्यांची माळ उभ्या गाडींत सुमारें १२ मिलिअँपियर घेते. ती दर क्षणाच्या दहाव्या भागापुरतीच लुकलुकत असेल तर सबंध महिन्याचा उपसा एका अँपियर-तासाच्याही आंत राहतो. असा दिवा देवघरांतल्या नंदादीपासारखा, थोडक्या तेलावर रात्र काढणारा. उलट बाजारांतली साधी १२ व्होल्टी पट्टी, जींत मीटरभर लांबींत ६० बारीक दिवे असतात, ती मीटरमागें ०.४ अँपियर ओढते. एक मीटर पट्टी दहा तास जळली कीं ४ अँपियर-तास गेले. दोन्ही दारांखालीं मिळून दोन मीटर लावली कीं ८. गाडी दोन रात्रीं उभी राहिली कीं कणगी निम्मी झाली, आणि निम्म्या बॅटरीवर इंजिन फिरेल याचा भरंवसा धरतां येत नाहीं. ज्या घरांत मोटार रविवारींच बाहेर निघते, तेथें हा नंदादीप नसून दिवाळीची रोषणाई आहे, आणि ती वर्षांतून चार दिवसच परवडते. तेव्हां पट्टीचा बेत आमच्या मतें सोडून द्यावा. चोरास भिवविण्यासाठीं गाडी जागी आहे एवढें त्यास दिसलें पुरे. ती नटली आहे हें दिसण्याची गरज नाहीं.

पट्टी अलार्मच्या दिव्यावर न लावतां वळणाच्या दिव्यांच्या तारांवर लावावी, असाही सल्ला कोणी देतात. भोंग्याबरोबर तीही उघडझाप करील, व एरवीं बंद राहील, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं, पण त्यांत एक खोंच आहे. अलार्म डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंस वेगवेगळ्या तारांनीं वीज देतो. एका जादा दिव्यासाठीं या दोन तारा एकत्र बांधल्या कीं डाव्या-उजव्यांतील भिंतच पडली. डावीकडे वळण्याची खूण केली तरी उजवीकडचेही दिवे लुकलुकूं लागतात. पळस्प्याच्या फांट्यावर मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानें त्यांतून काय समजावें ? दोन्ही तारांवर एक-एक डायोड, म्हणजे विजेस एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप, बसविल्यास हा दोष टळतो. परंतु नव्या मोटारींत वळणाच्या दिव्यांचा प्रवाह गाडीचा संगणक मोजीत असतो, व त्यांत फरक पडला तर बल्ब गेला असें समजून तो दिवे भराभर उघडमीट करूं लागतो. अशा गाडींत डायोडाचीही क्लृप्ति करूं नये.

कांहीं तारा सर्वथा अस्पृष्ट ठेवाव्या. पिवळ्या वेष्टनांतल्या तारा अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवापिशव्यांच्या असतात. त्या सोवळ्यांतल्या समजाव्या, मल्टिमीटरचें टोंकही त्यांस लावूं नये. तारांचा शोध घेण्यासाठीं जुने वायरमन बल्बाची टेस्टर वापरतात, तीही नव्या गाडींत नको. तिचा बल्ब जेवढा प्रवाह ओढतो तेवढ्यानेंच नाजूक भाग दुखावतात. अलार्मच्या ज्या जाड तारा इंजिनाच्या मार्गावर आहेत त्यांवरून तर दिव्यासाठीं वीज कदापि घेऊं नये. त्या जोडांत ढिलाई आली तर गाडी सुरू होणार नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. ती चालतांना बंद पडूं शकते, आणि खंडाळ्याच्या चढावर मागें वाहनांची रांग असतां तें कसें वाटेल याची कल्पना करावी. अलार्म कारखान्यांतूनच बसून आलेला असेल व गाडीची हमी शिल्लक असेल, तर आम्ही स्पष्टच सांगतों, कीं त्याच्या एकाही तारेस हात लावूं नये. फ्यूज घातलेल्या स्वतंत्र तारेवर आपोआप लुकलुकणारा एक दिवा बसवावा. अलार्मशीं त्याचा संबंधच ठेवूं नये. चोरास हा फरक बाहेरून कळत नाहीं.

कायद्याविषयीं थोडेंसें. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०८ व्या नियमानें सामान्य गाडीवर पुढें तांबडा प्रकाश व मागें तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखविण्यास मनाई आहे. मागें-सरण्याचे, क्रमांकपाटीचे व वळणाचे दिवे हे त्याच्या अपवादांपैकीं होत. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचेही लाल दिवे उतरले, तेथें आपल्या पुतण्याच्या निळ्यांची काय कथा ? शिवाय गाडींत अमान्य फेरफार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दर फेरफारामागें पांच हजार रुपयांचा भुर्दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. दिवे आंतल्या बाजूस, कांचेतून दिसतील एवढेच, लहान, आणि अलार्म उतरवितांच विझणारे असावेत.

प्रत्यक्ष कामास बसतांना प्रथम बॅटरीची काळी, म्हणजे ऋण तार सोडवावी व सर्वांत शेवटीं लावावी; उलट केलें तर पान्हा सांगाड्यास टेकून ठिणगी उडते. कांहीं भोंग्यांत त्यांची स्वतःची लहान बॅटरी असते, ते मुख्य वीज तोडतांच साऱ्या आळीस जागें करतात. त्यांची किल्ली आधीं फिरवून ठेवावी. किल्ल्या गाडींत ठेवून दारें लावूं नयेत, कारण वीज परत येतांच अलार्म सावध होऊन दारांस कुलूप लावण्याचा संभव असतो. नवी तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची पुरे, आणि तिच्या मुळाशीं, बॅटरीपासून हातभराच्या आंत, एक अँपियरचा फ्यूज. फ्यूज दिव्यांच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो, म्हणून तो दुसऱ्या टोकास लावण्यांत अर्थ नाहीं. बॅटरी लहान दिसली तरी तार सांगाड्यास टेकली कीं ती क्षणांत शेंकडों अँपियर ओतते. फ्यूज नसेल तर बारीक तार लालबुंद होऊन आसनांस आग लावते.

इंजिनाच्या बाजूनें आंत येतांना तार पत्र्याच्या उघड्या भोंकांतून ओढूं नये; रबरी कडें असलेल्या भोंकांतूनच आणावी, आणि आंत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी त्या झोलावरून ठिबकून जातें, आंत येत नाहीं. पनवेलच्या पावसाळ्यांत व खाडीच्या खाऱ्या हवेंत नुसत्या चिकटपट्टीनें गुंडाळलेला जोड एका हंगामांत हिरवा होतो. जोड डाग देऊन पक्का करावा व त्यावर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. पावसाळ्यांत उंदीर ऊब शोधीत इंजिनापाशीं येतात व तारांचीं वेष्टनें कुरतडतात, त्यासाठीं नागमोडी प्लॅस्टिकची नळी घालावी. ब्रेक व क्लच यांच्या वर कोठेंही तार लोंबती राहूं देऊं नये. सैल तार पायांत अडकली तर तिचा धोका साऱ्या विजेच्या धोक्यांहून मोठा आहे.

काम संपल्यावर मल्टिमीटर १० अँपियरच्या घरांत ठेवून बॅटरीचें ऋण टोंक व सुटलेली काळी तार यांच्यामध्यें जोडावा, दारें लावावीं, अलार्म चढवावा आणि अर्धा तास थांबावें, कारण गाडीचा संगणक झोंपीं जाण्यास वेळ घेतो. तेवढ्या अवधींत इंजिन सुरू करण्याचा मोह कोणासही होऊं देऊं नये. मीटर जागच्या जागीं जळेल. मग आंकडा पाहावा. गाडी व अलार्म मिळून ५० मिलिअँपियरच्या आंत असेल तर निर्धास्त राहावें. त्याहून अधिक असेल तर आपले नवे दिवे एक एक सोडवून पुन्हां मोजावें. हा आंकडा, फ्यूजची जागा आणि तारांचें साधें रेखाचित्र एका कागदावर काढून गाडीच्या कागदपत्रांतच ठेवावें. दोन वर्षांनीं दुसरा वायरमन डॅशबोर्डाखालीं डोकें घालील तेव्हां त्याचा अर्धा दिवस वांचेल.